फेरीची वाट

महाराष्ट्राला फेरीची वाट नवी नाही. श्रावण महिन्यातील तिसऱ्या सोमवारी हजारो भाविक त्र्यंबकेश्वरी जमतात आणि ब्रह्मगिरी पर्वताला प्रदक्षिणा घालतात. पावसाच्या सरी अंगावर घेत, चिखल तुडवीत सुमारे २० किलोमीटरांची वाट ते चालून जातात आणि जेथून निघाले तेथेच परत येतात. देवळाच्या गाभाऱ्याभोवतीची प्रदक्षिणा काही पावलांची असते आणि ही प्रदक्षिणा संपूर्ण दिवसाची असते, एवढाच काय तो भेद. दोहोंतील मर्म एकच आहे. निघण्याचे ठिकाण आणि पोहोचण्याचे ठिकाण एक. परंतु मधल्या वाटेवर एकही पाऊल दुसऱ्यांदा टाकावे लागत नाही.

सुट्टीत एखाद्या जलाशयाच्या काठी चार दिवस मुक्कामाला जाणाऱ्या मंडळींना याच कारणासाठी फेरीची वाट आवडते. सामान एका जागी ठेवावे, सकाळी हलक्या अंगाने बाहेर पडावे, डोंगर, रान व पाणी डोळे भरून पाहावे आणि सायंकाळी आपल्याच मुक्कामी परत यावे. गेलेल्या वाटेनेच माघारी आल्यास डोंगराची एकच बाजू दिसते. फेरी घातली म्हणजे त्याचे सर्व रूप कळते. परंतु अशी वाट निवडणे हे एक शास्त्र आहे. ते ज्यांना अवगत नसते, त्यांच्यावर भर रानात अंधार गाठण्याची पाळी येते.

हे शास्त्र समजून घेण्यास भंडारदरा हे ठिकाण फार सोयीचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर हे स्थळ वसले आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा नदी येथे शेंडी गावाजवळ एका दगडी धरणाने अडविली आहे. या धरणाच्या कामास १९१० साली आरंभ झाला आणि १९२६ साली ते पूर्ण झाले. मुंबई प्रांताच्या तत्कालीन गव्हर्नरांवरून त्यास विल्सन धरण असे नाव मिळाले, आणि मागे पसरलेल्या पाण्यास आर्थर सरोवर म्हणू लागले. सरोवराच्या एका टोकाला शेंडी, तर दुसऱ्या टोकाला रतनवाडी हे लहानसे गाव आहे. गावात अमृतेश्वराचे कोरीव शिवमंदिर असून त्याच्या पाठीशी १,२९७ मीटर उंचीचा रतनगड उभा आहे. जवळच १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर आहे. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. हा सारा मुलूख १९८६ साली स्थापन झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो.

अशा ठिकाणी उतरलेल्या मंडळींपुढे सहसा तीन प्रकारच्या फेऱ्या असतात. पहिली फेरी गावालगतची. शेंडीतून निघावे, धरणाच्या पायथ्याची बाग पाहावी आणि गावातून परत यावे. तिला सकाळचे एक-दोन तास पुरतात आणि लहान मुलांपासून आजीआजोबांपर्यंत सर्वांना ती झेपते. दुसरी फेरी पाण्याच्या काठाने जाऊन गावच्या रस्त्याने परत येण्याची. ती फारशी चढाची नसते, परंतु लांबते. तिसरी फेरी गडाची. एका बाजूने गड चढावा आणि दुसऱ्या बाजूने उतरावा. संपूर्ण सरोवराभोवती फिरणारी एक चौथी फेरीही आहे. परंतु तो मार्ग सुमारे ४० किलोमीटरांचा असल्यामुळे तो वाहनाने जाणाऱ्यांचा आहे, एका दिवसात पायी चालणाऱ्यांचा नव्हे.

यांपैकी कोणती फेरी निवडावी? या प्रश्नाचे पहिले उत्तर नकाशा देतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात जमिनीवरील १ किलोमीटर अंतर कागदावर २ सेंटिमीटरांत सामावलेले असते. पाऊलवाट सरळ जात नाही, म्हणून पट्टीने अंतर मोजून चालत नाही. त्याकरिता साधा दोरा घ्यावा. तो वाटेच्या वळणावळणांवरून अलगद बसवीत न्यावा आणि मग सरळ करून पट्टीवर धरावा. दोरा २० सेंटिमीटर भरला, तर वाट १० किलोमीटरांची आहे असे समजावे. प्रत्यक्षात ती थोडी अधिकच भरेल, कारण लहान वळणे नकाशात दिसत नाहीत. सरोवराच्या काठी तर हा दोरा हटकून उपयोगी पडतो. समोरचे झाड हाकेच्या अंतरावर दिसते, परंतु मध्ये पाण्याची एक लांब शाखा डोंगरात शिरलेली असते, आणि तिला वळसा घालण्यात अर्धा तास निघून जातो.

अंतराइतकाच चढही महत्त्वाचा आहे. तो नकाशावरील समोच्च रेषा सांगतात. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषा वरील नकाशात २० मीटरांच्या अंतराने काढलेल्या असतात. म्हणजे पाच रेषा ओलांडल्या की १०० मीटर चढ झाला. रेषा विरळ असतील तेथे पठार किंवा सौम्य उतार असतो. त्या एकमेकींना चिकटू लागल्या की तेथे कडा आहे हे ओळखावे.

अंतर व चढ कळल्यावर वेळेचा हिशेब मांडता येतो. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ साली यासाठी एक सोपा नियम सांगितला. आजच्या मापांत तो साधारण असा आहे : प्रत्येक ५ किलोमीटर चालीस एक तास धरावा आणि प्रत्येक ६०० मीटर चढास आणखी एक तास मिळवावा. समजा, एखादी फेरी १० किलोमीटरांची असून तीत एकंदर ६०० मीटर चढ आहे. चालीचे दोन तास व चढाचा एक तास मिळून तीन तास झाले. परंतु हा हिशेब न थांबता चालणाऱ्या, सरावलेल्या माणसाचा आहे. शाळेतील मुलांच्या तुकडीने तो दुप्पट करावा, हे बरे. म्हणजे सहा तास झाले. न्याहारी, जेवण आणि गड पाहणे यांसाठी आणखी दोन तास धरले, तर फेरी आठ तासांची झाली.

आता घड्याळाकडे पाहू. डिसेंबरच्या अखेरीस या भागात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो आणि सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी सात वाजता निघालेली तुकडी दुपारी तीन वाजता परतेल. कोणाचा पाय मुरगळला किंवा वाट चुकली, तरी तीन तासांचा उजेड तिच्या गाठीशी राहील. तीच तुकडी चहापाणी, गप्पा व छायाचित्रे यांत वेळ घालवून दहा वाजता निघाली, तर तिचे शेवटचे पाऊल ऐन सूर्यास्ताला पडेल. गाठीशी एक मिनिटही उरणार नाही. वाट तीच आणि पायही तेच. परंतु सकाळचे तीन तास गमावल्यामुळे सुखाची फेरी संकटाची होते.

या हिशेबात आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. तुकडीचा वेग हा तिच्यातील सर्वांत जलद चालणाऱ्याचा वेग नसतो; तो सर्वांत मागे राहणाऱ्याचा असतो. पुढची चार मुले टेकडीच्या माथ्यावर पोहोचून विसावा घेतात. मागची दोन धापा टाकीत वर येतात, तोच पुढची उठून चालू लागतात. ज्यांना विश्रांतीची खरी गरज, त्यांनाच ती मिळत नाही. म्हणून फेरी निवडताना मागच्या मुलाची शक्ती पाहावी आणि चालताना त्याला रांगेत पुढे ठेवावे. त्यात त्याचा कमीपणा नाही. सर्वांचे हित आहे.

एवढे झाले म्हणजे फेरीची निवड पुरी झाली असे वाटते. परंतु फेरीच्या वाटेचे खरे रहस्य अद्याप राहिले आहे. ते तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. गेलेल्या वाटेनेच परत येणाऱ्यास परतीची वाट ओळखीची असते. कोठे निसरडे आहे, पाणी कोठे आहे, फाटा कोठे फुटतो, हे त्याने जाताना पाहिलेले असते. फेरी घालणाऱ्याचे तसे नाही. तो थकलेला असतो, दिवस कललेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी समोरची वाट त्याला अगदी नवी असते. शिवाय अर्धी फेरी ओलांडल्यावर मागे फिरणे हे पुढे जाण्यापेक्षा लांब पडते. म्हणून फेरीची निवड करताना आधी तिचा शेवट पाहावा आणि मग आरंभ.

रतनगडाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. रतनवाडीहून निघालेली वाट प्रथम प्रवरेच्या प्रवाहाच्या सोबतीने दाट झाडीतून जाते. नंतर उभा चढ लागतो, कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या येतात आणि गणेश दरवाजातून गडावर प्रवेश होतो. गडावर गुहा, पाण्याची टाकी, जुना बुरूज आणि कातळाला आरपार पडलेले छिद्र, म्हणजे नेढे, पाहण्यासारखे आहे. नेढ्यात बसले असता वाऱ्याचा झोत अंगावर येतो आणि अलंग, मदन, कुलंग हे दुर्ग व कळसूबाईचे शिखर दृष्टीस पडते. तेथून गडाच्या त्र्यंबक दरवाजाने कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या उतरून साम्रद गावाकडे जाता येते, आणि साम्रदहून रस्त्याने रतनवाडीस परत येता येते. याप्रमाणे फेरी पूर्ण होते.

ही फेरी कोणत्या दिशेने घालावी, हेही विचाराने ठरते. शिडी चढताना हातापायांची जागा डोळ्यांसमोर असते. उतरताना पायाने चाचपडत पायरी शोधावी लागते. म्हणून शिड्यांच्या बाजूने चढणे अधिक सुरक्षित. सकाळी ऊन कोवळे असते आणि अंगात हुशारी असते, म्हणून मोठा चढ तेव्हाच उरकावा. आणि फेरीचा शेवट गावाजवळच्या, वहिवाटीच्या रस्त्यावर व्हावा. कारण थोडा उशीर झालाच, तरी रस्ता अंधारात हरवत नाही.

परंतु त्र्यंबक दरवाजाशी आल्यावर प्रत्येक तुकडीने थांबले पाहिजे. येथपर्यंत मागची वाट ओळखीची होती. येथून पुढची वाट नवी आहे. या उंबरठ्यावर उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. ठरविलेल्या वेळेच्या आत आपण येथे पोहोचलो आहोत काय? प्रत्येकाच्या बाटलीत पुरेसे पाणी आहे काय? सर्वांचे पाय धड आहेत काय? तिन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तरच त्या दरवाजाने उतरावे. एकाचेही उत्तर ‘नाही’ असे आले, तर आल्या वाटेने माघारी फिरावे. ही वेळ आदल्या रात्रीच, शांत डोक्याने ठरवून ठेवावी. गडावर पोहोचल्यावर उत्साहाच्या भरात ती ठरवू गेल्यास मन खोटी साक्ष देते. ‘एवढे आलोच आहोत, तर पुरी करू’ या एका वाक्याने अनेकांना संकटात लोटले आहे. फेरी अपुरी राहिली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. गड पुढल्या वर्षीही तेथेच असतो.

वाट निवडताना ऋतूचाही विचार हवा. पावसाळ्यात सह्याद्रीच्या या माथ्यावर मुसळधार पाऊस कोसळतो. सकाळी घोटाभर असलेला ओढा दुपारी कमरेपर्यंत चढतो, आणि ज्या वाटेला ओढा ओलांडावा लागतो ती वाट परतीच्या वेळी बंद होऊ शकते. कातळावर शेवाळ धरते आणि धुक्यात दहा पावलांवरचे दिसत नाही. साम्रदजवळची सांदण ही अरुंद, खोल घळ तर पावसात पाण्याचा लोंढा वाहून नेणारी नळीच बनते. म्हणून या दिवसांत गडाच्या फेरीचा मोह टाळावा आणि गावालगतच्या फेरीत धबधबे पाहावेत. पावसानंतर कारवीची झुडपे पुरुषभर उंच होऊन पाऊलवाटा झाकून टाकतात. अशा वेळी वाटाड्या सोबत हवाच. उन्हाळ्यात ओढे आटतात, म्हणून प्रत्येकाने दोन-तीन लिटर पाणी जवळ बाळगावे आणि भर दुपारचे चालणे टाळावे.

सरोवराचा काठ तर दर महिन्याला बदलतो. धरणाचे पाणी शेतीसाठी सोडले जाते, तशी पातळी खाली जाते. पावसाळ्याच्या अखेरीस जेथे पाणी असते, तेथे वैशाखात उघडी जमीन दिसते. त्यामुळे नकाशावरील काठाची रेषा ही कायमची वाट नव्हे. नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळाचा वरचा पापुद्रा वाळून कडक दिसतो, परंतु त्याखाली चिखल मऊच असतो आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो. जवळची वाट म्हणून अशा गाळावरून जाऊ नये. काठाच्या वरच्या अंगाची मळलेली पाऊलवाटच धरावी.

नकाशा व ऋतू यांनंतर तिसरा मार्गदर्शक म्हणजे गावचा माणूस. महादेव कोळी व ठाकर समाजांतील येथील रहिवाशांना या डोंगरांची खडान्‌खडा माहिती असते. मात्र त्यांना विचारण्याचीही एक रीत आहे. “मामा, ही वाट रतनवाडीला जाते ना?” असे विचारले, तर पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून एखादा सहज मान हलवितो. त्याऐवजी “मामा, ही वाट कोठे जाते?” असे विचारावे, म्हणजे खरे उत्तर मिळते. ‘जवळच आहे’ या शब्दांचा अर्थही जपून घ्यावा. डोंगरात वाढलेल्या पायांना जे जवळ, ते शहरातून आलेल्या पायांना दूर असते. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटाही नवख्याला फसवितात. त्या रुंद व मळलेल्या दिसतात, परंतु थोड्या अंतरावर फाटे फुटून गवतात किंवा पाणवठ्यावर संपतात. प्रत्येक फाट्यावर क्षणभर थांबून मागे वळून पाहावे. तीच जागा परतताना कशी दिसेल, हे त्यामुळे ध्यानात राहते. भ्रमणध्वनीवरील नकाशा सोबत असला तरी चालेल, परंतु दरीत संदेश पोहोचत नाहीत आणि यंत्रातील वीज संपते. म्हणून कागदाचा नकाशा व वाटाड्या यांची जागा त्याला देऊ नये.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक डोंगराला फेरीची वाट असतेच असे नाही. बारी गावातून कळसूबाईच्या शिखरावर जाणारे बहुतेक लोक सुमारे ८०० मीटरांचा चढ चढतात आणि त्याच वाटेने उतरतात. म्हणून त्यांचा आनंद उणा होत नाही. जाताना पाठीमागे राहिलेला देखावा येताना समोर असतो. जेथे वाट वर्तुळ होत नाही, तेथे आडरानातून बळेच वर्तुळ करू पाहणे हे शहाणपणाचे नव्हे.

मुक्काम सोडण्यापूर्वी मागे राहणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाजवळ एक चिठ्ठी ठेवावी. कोणती वाट धरली, किती जण गेले आणि केव्हा परतणार, एवढ्या तीनच गोष्टी तीत असाव्यात. ती वेळ टळून गेली, तर शोध कोठे करावा हे त्या चिठ्ठीवरून कळते. आणि सायंकाळी सरोवराचे पाणी सोनेरी होत असता तुकडी परत आली, म्हणजे प्रथम माणसे मोजावीत. सकाळी जितकी निघाली तितकीच उंबरठ्याशी उभी असली, की चिठ्ठी खुशाल फाडून टाकावी. फेरी खऱ्या अर्थाने तेव्हा पूर्ण झाली.